ग्रेस हॉपर : यंत्रविद्येस लेखनशिस्त लावणारी विदुषी

यंत्रविद्येच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलीं आढळतात. वाफेचें यंत्र कोणीं सुधारलें, विजेचा दिवा कोणीं लावला, हें शाळेंतील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु यंत्र तयार झाल्यावर तें कसें चालवावें, बिघडल्यास काय करावें, व एकानें केलेल्या कामाचा दुसऱ्यास उपयोग कसा व्हावा, हें सर्व नीट लिहून ठेवणाऱ्या मंडळींची आठवण फारशी कोणास राहत नाहीं. हें काम दुय्यम व कारकुनी आहे अशी सामान्य समजूत असते. ती किती चुकीची आहे हें एका अमेरिकन विदुषीच्या चरित्रावरून उत्तम प्रकारें दिसून येतें. आणि तिची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस करून द्यावी म्हणून आम्हीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. ती विदुषी म्हणजे रिअर अॅडमिरल ग्रेस मरे हॉपर ही होय.

ग्रेसबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. वडील वॉल्टर मरे हे विम्याचा व्यवसाय करीत. आई मेरी यांस गणिताची मोठी आवड होती. परंतु त्या काळीं मुलींनीं गणितांत फार पुढें जावें अशी रीत नसल्यामुळें ती आवड मनांतल्या मनांतच राहिली. पुढें आजारामुळें वडिलांचे पाय कापावे लागले, तेव्हां तर आपल्या मुलींनीं मुलाच्या बरोबरीनें शिकून स्वतःच्या पायांवर उभें राहावें असा त्यांनीं कटाक्ष ठेवला. ग्रेस सात वर्षांची असतांना गजराचें घड्याळ कसें चालतें हें पाहण्याची तिला इच्छा झाली. तिनें एक घड्याळ खोललें; तें पुन्हां जुळेना म्हणून दुसरें खोललें; आणि असें करतां करतां घरांतील सातहि घड्याळांचे तुकडे तिच्या पुढ्यांत जमा झाले. आईनें तिला मारलें नाहीं. यापुढें एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढाच निर्बंध घातला. मुलांच्या जिज्ञासेस मर्यादा घालावी, पण ती विझवूं नये, याचा हा चांगला धडा आहे.

व्हासार कॉलेजांत प्रवेश मिळविण्याच्या पहिल्या प्रयत्नांत लॅटिन भाषेनें ग्रेसबाईंस दगा दिला, व त्यांना एक वर्ष थांबावें लागलें. पण त्या खचल्या नाहींत. १९२८ सालीं गणित व पदार्थविज्ञान या विषयांत त्या पदवीधर झाल्या, १९३० मध्यें येल विश्वविद्यालयाची एम्. ए. ही पदवी त्यांनीं घेतली, व त्याच वर्षीं व्हिन्सेंट हॉपर या गृहस्थांशीं त्यांचा विवाह झाला. १९३१ पासून त्या व्हासार येथेंच गणित शिकवूं लागल्या, व शिकवीत असतांनाच १९३४ मध्यें येल येथें त्यांनीं गणिताची डॉक्टर ही पदवी संपादन केली.

त्यांच्या शिक्षकपणांतील एक गोष्ट येथें मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व आयुष्याचें बीज तींत आहे. संभाव्यतेच्या गणिताचा वर्ग सुरू होतांच त्या विद्यार्थिनींस एक सूत्र समजावून सांगत, व त्यावर निबंध लिहून आणावयास लावीत. मग त्या निबंधांत शुद्धलेखनाच्या व वाक्यरचनेच्या चुका लाल शाईनें दाखवीत. आपण गणिताच्या वर्गांत आलों आहों, भाषेच्या नव्हे, अशी तक्रार मुली करीत. त्यावर हॉपरबाईंचें म्हणणें असें कीं, जें ज्ञान दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें सांगतां येत नाहीं तें असून नसल्यासारखेंच होय. हें म्हणणें त्या काळच्या विद्यार्थिनींस कितपत पटलें असेल कोण जाणे. आमच्या येथील गणिताच्या वह्या पाहिल्यावर मात्र आम्हांस तें फारच पटतें.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा आरमारांत रिअर अॅडमिरल होते. तेव्हां आपणहि आरमारांत जावें असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु त्यांचें वय नियमापेक्षां अधिक, वजन उंचीच्या मानानें कमी, आणि गणिताच्या अध्यापक म्हणून त्यांची जागा महत्त्वाची, अशा तीन हरकती निघाल्या. खटपट करून त्यांनीं सवलत मिळविली, व डिसेंबर १९४३ मध्यें त्या राखीव आरमारांत दाखल झाल्या. स्मिथ कॉलेजांतील शिक्षणवर्गांत पहिला क्रमांक पटकावून जुलै १९४४ मध्यें त्या हार्वर्ड विश्वविद्यालयांतील आरमाराच्या गणनकार्यालयांत रुजू झाल्या. तेथें हॉवर्ड एकन हे प्रमुख होते, व त्यांच्या कल्पनेंतून निर्माण झालेलें मार्क वन नांवाचें प्रचंड गणकयंत्र होतें. त्याची लांबी ५१ फूट, उंची ८ फूट व वजन सुमारें ५ टन. तें २३ अंकी संख्यांचें गणित करी. एका बेरजेस त्यास पाव सेकंदाहून थोडा अधिक, व एका गुणाकारास ६ सेकंद लागत. यंत्रानें काय करावयाचें त्याच्या आज्ञा कागदाच्या लांब फितीवर भोंकें पाडून द्याव्या लागत. या आज्ञांच्या मालिकेस आपण आतां आज्ञावली म्हणतों. मार्क वनसाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींत हॉपरबाई तिसऱ्या होत्या.

लवकरच एकन साहेबांनीं त्यांना हुकूम केला कीं, या यंत्राचें मार्गदर्शक पुस्तक तुम्ही लिहावयाचें. आपण आजवर पुस्तक कधीं लिहिलें नाहीं, असें त्यांनीं सांगून पाहिलें. पण आरमारांत हुकूम तो हुकूम! दिवसां व पुष्कळदां रात्रींहि यंत्रावर काम करावयाचें, व त्यांतून वेळ काढून पानें लिहावयाचीं. आणि लिहिलेलीं पानें एकन साहेबांस वाचून दाखवावयाचीं, असा क्रम सुरू झाला. यंत्राचे भाग कोणते, वीज कोणत्या मार्गानें खेळते, आज्ञा कशा लिहाव्या, हें सर्व त्यांत उदाहरणांसह आलें. शिवाय पास्कल, लायब्निट्झ व बॅबेज या पूर्वसूरींचा इतिहासहि त्यांनीं आरंभीं जोडला. ५०० हून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ १९४६ सालीं हार्वर्डनें प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ता म्हणून त्यावर प्रयोगशाळेच्या सेवकवर्गाचा निर्देश आहे; हॉपरबाईंच्या श्रमांचा उल्लेख शोधावयाचा तर प्रस्तावनेंत शोधावा लागतो. चालत्या संगणकाची इतकी सविस्तर माहिती देणारा याच्या आधींचा ग्रंथ नाहीं म्हटलें तरी चालेल.

या कार्यालयांत काम करतांना त्यांस आणखी एक गोष्ट दिसून आली. एखादें गणित पुन्हां पुन्हां लागे. मग ज्यानें त्याच्या आज्ञा एकवार बरोबर लिहिल्या असतील त्याच्या वहींतून इतर जण त्या उतरून घेत. पद्धत सोयीची, पण उतरून घेतांना माणूस चुके, अक्षराचा आंकडा होई, आंकड्याचें अक्षर होई, आणि पत्ते बदलतांना बेरीज चुके. यंत्र निर्दोष असतांहि उत्तर चुकीचें येई. सप्टेंबर १९४७ मध्यें मार्क टू या दुसऱ्या यंत्रांत एक पतंग अडकून काम बंद पडलें, तेव्हां तेथील मंडळींनीं तो पतंग काढून रोजनिशींत चिकटविला व शेजारीं तशी नोंद केली. हा पतंग हॉपरबाईंनीं स्वतः शोधला असें पुष्कळ ठिकाणीं छापून येतें, तें खरें नाहीं. त्या ही हकीकत रंगवून सांगत, इतकेंच. यंत्रांतील दोषास इंग्रजींत किड्याचें नांव देण्याची चालहि त्याहून जुनी आहे. परंतु ती रोजनिशी आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जपलेली आहे, आणि एका क्षुल्लक बिघाडाची हकीकत आज आपणांस तारखेसह कळते, याचें कारण त्या मंडळींस लागलेली नोंद ठेवण्याची शिस्त हेंच होय.

१९४५ सालीं त्यांचा पतीशीं घटस्फोट झाला, व पुढें त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. १९४९ मध्यें हार्वर्ड सोडून त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉक्ली कंपनींत गेल्या. ही कंपनी पुढील वर्षीं रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीनें विकत घेतली. तेथें युनिव्हॅक नांवाचा संगणक तयार होत होता. वह्यांतून उतरून घेण्याचें काम माणसाला नीट जमत नसेल तर तें यंत्राकडेच कां सोंपवूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. तपासून पाहिलेल्या सर्व उपयुक्त आज्ञावली एका फितीवर साठवाव्या, प्रत्येकीस एक खूण द्यावी, व लेखकानें केवळ खुणा लिहिल्या म्हणजे यंत्रानें त्या त्या आज्ञावली शोधून, योग्य ठिकाणीं जोडून, सबंध काम तयार करावें, अशी ही योजना होती. या जोडणाऱ्या आज्ञावलीस त्यांनीं कंपायलर असें नांव दिलें. १९५२ पर्यंत तिचें पहिलें रूप सिद्ध झालें. संगणक केवळ गणित करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असें म्हणून पुष्कळ जाणत्या लोकांनीं त्याकडे दुर्लक्ष केलें. कांहीं काळ तर चालणारा कंपायलर हातांत असून तो वापरावयास कोणी धजेना.

याच सुमारास हॉपरबाईंनीं दोन कामें अशीं केलीं कीं, त्यांचें महत्त्व त्या वेळीं थोड्यांच्याच ध्यानांत आलें. १९५३ मध्यें त्यांच्या कंपायलरची ए-टू ही सुधारलेली आवृत्ति तयार झाली, तेव्हां ती आंतल्या मूळ आज्ञांसह युनिव्हॅकच्या ग्राहकांस देण्यांत आली, व त्यांनीं केलेल्या सुधारणा परत कळवाव्या अशी त्यांस विनंति करण्यांत आली. विद्या कुलुपांत न ठेवतां वाटावी, व वाटली म्हणजे ती वाढून परत येते, या तत्त्वाचें संगणकविद्येंतील हें फार आरंभींचें उदाहरण होय. दुसरें काम म्हणजे परिभाषेचें. निरनिराळ्या कार्यालयांत एकाच वस्तूस निरनिराळीं नांवें, व निरनिराळ्या वस्तूंस एकच नांव, असा गोंधळ माजला होता. तेव्हां संगणकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघानें नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं १९५४ मध्यें आज्ञावलीलेखनाचा पहिला शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. शब्द निश्चित नसतील तर नियम निश्चित कसे होणार?

पुढील पायरी अधिक धाडसाची होती. व्यापारी व सरकारी कचेऱ्यांतील माणसांस गणिताच्या चिन्हांची भीति वाटते. त्यांस साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहितां याव्या, अशी त्यांची इच्छा होती. यंत्रास इंग्रजी समजत नाहीं, असें उत्तर वरिष्ठांकडून मिळालें. हॉपरबाईंनीं एक लहान नमुना तयार करून दाखविला, व तेच शब्द फ्रेंच व जर्मन भाषेंत बदलून तेंच काम करून दाखविलें. खूण कोणत्या भाषेंतील आहे याच्याशीं यंत्रास कर्तव्य नसतें, हें पटविण्याचा त्यांचा उद्देश होता. परिणाम उलटाच झाला! फिलाडेल्फियांत बनलेल्या यंत्रास परक्या भाषा समजाव्या या कल्पनेनेंच वरिष्ठ मंडळी बिथरली. तरी त्यांनीं चिकाटी सोडली नाहीं, व फ्लो-मॅटिक नांवाची भाषा पूर्ण करून १९५८ च्या सुमारास ती ग्राहकांच्या हातीं दिली.

परंतु प्रत्येक कंपनीची भाषा निराळी झाली तर एका यंत्रावरचें काम दुसऱ्यावर चालावयाचें नाहीं, ही अडचण उरलीच होती. म्हणून मे १९५९ मध्यें सरकार, संगणक बनविणाऱ्या कंपन्या व ते वापरणारे यांची सभा अमेरिकेच्या संरक्षणखात्यांत भरली, व सर्वांसाठीं एकच भाषा करण्याचें ठरलें. हीच कोबॉल भाषा. ती एकट्या हॉपरबाईंनीं केली असें म्हणणें न्यायाचें नाहीं. जीन सॅमेट प्रभृति अनेकांच्या समितीनें ती रचली. पण तिचा मुख्य आधार फ्लो-मॅटिक हा होता, व हॉपरबाई त्या उद्योगाच्या सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्यें एकच कोबॉल आज्ञावली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली. या भाषेचा एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो. प्रत्येक आज्ञावलीचे चार भाग ठरलेले असून पहिल्या भागांत तिचें नांव, लेखकाचें नांव, लिहिल्याची तारीख इत्यादि माहिती देण्याची सोय होती. ओळींतील कोणत्या घरापासून लेखन सुरू करावें हेंहि ठरलेलें होतें. अर्थात् माहितीचें टिपण व लेखनाचा नियम हीं दोन्ही भाषेच्या अंगांतच घातलेलीं होतीं.

भाषा ठरली तरी तिचे नियम पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारें कोणी तरी असावें लागतें. १९६६ च्या अखेरीस वयोमानाप्रमाणें हॉपरबाईंस आरमारांतून निवृत्त करण्यांत आलें; त्यांस तें फार दुःखाचें वाटलें. पण पुरते आठ महिनेहि झाले नाहींत तोंच ऑगस्ट १९६७ मध्यें आरमारानें त्यांस परत बोलाविलें. आरमारांतील निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक निरनिराळ्या तऱ्हेचें कोबॉल बोलूं लागले होते, व त्यांस एका वळणावर आणावयाचें होतें. काम सहा महिन्यांचें म्हणून सांगण्यांत आलें. तें जवळजवळ एकोणीस वर्षें चाललें. त्यांनीं व त्यांच्या हाताखालील मंडळींनीं परीक्षेच्या आज्ञावली तयार केल्या. कंपनीनें आपला कंपायलर आणावयाचा, व तो या परीक्षेंतून उतरतो कीं नाहीं हें पाहावयाचें. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाहीं. नियम कागदावर असणें निराळें व तो कसोटीस लावणें निराळें, हा भेद त्यांनीं सर्वांस शिकविला. पुढें सबंध अमेरिकन सरकारांत अशी परीक्षा घेण्याची पद्धत पडली.

यावरून त्या रुक्ष व नियमांच्या गुलाम असतील अशी कोणाची कल्पना झाल्यास ती अगदींच चुकीची ठरेल. त्यांच्या कचेरींत उलटे कांटे फिरणारें एक घड्याळ भिंतीवर टांगलेलें असे. तें वेळ अचूक दाखवी. फक्त पाहणाऱ्यास आपली संवय सोडावी लागे. आजवर असेंच चालत आलें आहे, या सबबीचा त्यांस मोठा तिटकारा होता. ज्यास कारण आहे तो नियम त्यांनीं कडकपणें पाळावयास लावला, व ज्यास कारण उरलें नाहीं ती रूढि मोडण्यास त्या सदैव पुढें असत. व्याख्यानास जातांना त्या सुमारें एक फूट लांबीच्या तारेचे तुकडे बरोबर नेत व श्रोत्यांस वाटीत. सेकंदाच्या एक अब्जांश भागांत वीज जास्तींत जास्त तेवढें अंतर जाऊं शकते, हें डोळ्यांस दिसावें म्हणून ही युक्ति. व्हासारच्या वर्गांतील शिक्षिका शेवटपर्यंत त्यांच्यांत जागी होती.

१९७३ मध्यें त्या कॅप्टन, १९८३ मध्यें कमोडोर झाल्या, व १९८५ मध्यें त्या हुद्द्याचें नांव रिअर अॅडमिरल असें झालें. १४ ऑगस्ट १९८६ रोजीं बॉस्टन बंदरांत कॉन्स्टिट्यूशन या १७९७ सालच्या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या वेळीं त्यांचें वय ७९ होतें, व चालू नोकरींतील सर्व आरमारी अधिकाऱ्यांत त्या वयानें वडील होत्या. त्यानंतरहि त्यांनीं एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून काम केलें. १ जानेवारी १९९२ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांतील अर्लिंग्टन येथें, वयाच्या ८५ व्या वर्षीं, त्यांना देवाज्ञा झाली. तेथील राष्ट्रीय दफनभूमींत लष्करी सन्मानानें त्यांचा देह ठेवण्यांत आला. पुढें एका युद्धनौकेस त्यांचें नांव देण्यांत आलें, व २०१६ सालीं अमेरिकेचें सर्वोच्च नागरी पदक त्यांस मरणोत्तर अर्पण करण्यांत आलें.

त्यांच्या मृत्यूच्या अवघे कांहीं महिने आधीं, १९९१ मध्यें, फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें लायनक्स या नांवाचा संगणकाचा गाभा, म्हणजे यंत्राचे सर्व व्यवहार सांभाळणारी मूलभूत आज्ञावली, लिहून जगापुढें खुली ठेवली. आज जगांतील हजारों लोक तिच्यांत भर घालतात. त्यांतील बहुतेकांनीं एकमेकांस पाहिलेलेंहि नसतें. असें असून तें काम कोलमडत नाहीं, याचें कारण त्याच्या शेजारींच नियमांचा व माहितीचा मोठा संग्रह जपलेला आहे. आज्ञेची प्रत्येक पोटपायरी आठ अक्षरें आंत सरकवून लिहावी. ओळ शक्यतों ऐंशी अक्षरांपलीकडे जाऊं नये. तीनाहून अधिक पोटपायऱ्या लागूं लागल्यास रचनाच सुधारावी. टीप लिहावयाची ती आज्ञा काय करते याची, कशी करते याची नव्हे. आणि बदल सुचविणारानें तो कां केला हें स्पष्ट लिहावें, असे ते नियम आहेत. यांतील ऐंशी अक्षरांची मर्यादा ऐंशी घरांच्या छिद्रांकित कार्डापासून, म्हणजे हॉपरबाईंच्या काळापासून, वारसा म्हणून चालत आली आहे. ए-टूच्या ग्राहकांस केलेली विनंतिच येथें जगभर पसरली आहे, असें आम्हांस वाटतें.

उलट बाजूहि पाहण्यासारखी आहे. जागा वांचविण्यासाठीं जुन्या आज्ञावलींत वर्षाचे दोनच अंक लिहीत. त्यामुळें १९९९ नंतर सन २००० येतांच गोंधळ होणार, हें ध्यानांत आल्यावर जगभर त्या आज्ञावली उघडून तपासाव्या लागल्या. आपल्या मुंबई-पुण्याकडील कित्येक तरुणांस त्या कामावर कोबॉल शिकावें लागलें. जेथें मूळ लेखकानें टिपणें नीट ठेवलीं होतीं तेथें काम सुलभ झालें. जेथें नव्हतीं तेथें गेलेल्या माणसाच्या मनांत काय होतें याचा तर्क करीत बसण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं पुष्कळांस उत्तर बरोबर आलें म्हणजे वही कशी कां असेना, असें वाटतें. परंतु आपण जें शिकतों व करतों तें केवळ आपल्यापुरतें नसतें. परमेश्वरानें दिलेली बुद्धि ही ठेव आहे. ती दुसऱ्याच्या उपयोगीं पडेल अशा रीतीनें मांडून ठेवणें हा तिच्या हिशेबाचाच एक भाग होय. हॉपरबाईंनीं लाल शाईनें जें दाखविलें, पुस्तकांत जें मांडलें, व परीक्षेच्या आज्ञावलींनीं जें तपासलें, तें सर्व एकाच गोष्टीसाठीं होतें : आपण उठून गेल्यावर मागून येणाऱ्यानें त्या जागीं बसावें, व त्यास काम पुढें चालवितां यावें. या वर्षीं आपल्या प्रयोगाच्या वह्या लिहितांना ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवाल, तर हा लेख लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.